आषाढातलं मिक्सिंग

गुरुवार, रात्री

आषाढ लागला की आमच्याकडे कॅमेरे कपाटात जातात आणि मिक्सिंग, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, सुरू होतं. उन्हाळी तिथ्यांची लग्नं हार्ड डिस्कवर पडून असतात, नवरदेवांचे बाप फोन करतात, आणि मी प्रत्येकाला "या आठवड्यात देते" म्हणून सांगते. शूटिंग यांचं, मिक्सिंग माझं, अशी वाटणी स्टुडिओ टाकला तेव्हाच झालेली. लातुरात गंजगोलाईच्या गर्दीत वरच्या मजल्यावर एक खोली, एक कूलर, दोन मॉनिटर. एवढाच पसारा.

आज त्या मॉनिटरवर लग्न नव्हतं. भाचा पुण्याहून आलाय. इंजिनिअरिंगला आहे आणि कानात सतत काहीतरी इंग्रजी वाजत असतं. त्यानं लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, "आत्या, तुझ्या धंद्यातला पिक्चर आहे. बघच." नाव 'पेव्हमेंट्स'. 'पेव्हमेंट' नावाच्या अमेरिकन रॉक बँडवरचा माहितीपट. दिग्दर्शक ॲलेक्स रॉस पेरी, २०२४ च्या व्हेनिस महोत्सवात पहिल्यांदा दाखवला. माहितीपट म्हटल्यावर मी मनात म्हटलं, आता चार म्हातारे खुर्चीत बसून 'आमचे हलाखीचे दिवस' सांगणार, मग पडझड, मग शेवटी टाळ्या. दहा मिनिटांत कळलं की इथं प्रकार वेगळा आहे.

आधी बँडबद्दल, कारण मलाही माहीत नव्हतं. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी स्टीफन माल्कमस आणि स्कॉट कॅनबर्ग या दोन मित्रांनी सुरू केलेला. स्टॉकटन म्हणजे शेतीच्या पट्ट्यातलं शहर, आपल्यासारखंच मालाच्या भावावर जगणारं. तिथं गॅरी यंग नावाचा यांच्यापेक्षा बराच मोठा, दारूडा, अवलिया ड्रमर घरातच रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवायचा. त्याच्याकडे यांनी पहिली गाणी केली. १९९२ साली पहिला अल्बम आला आणि समीक्षक वेडे झाले. १९९४ च्या दुसऱ्या अल्बममधलं एक गाणं एमटीव्हीवर वाजलं. आता मोठे होणार असं सगळ्यांना वाटलं, तेव्हा त्यांनी पुढच्या वर्षी असा लांबलचक, वेडावाकडा अल्बम काढला की 'होणार होणार' म्हणणारे गप्प झाले. एकूण पाच अल्बम. १९९९ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा माल्कमसनं माइकच्या स्टँडला बेड्या अडकवल्या होत्या आणि लोकांना सांगितलं की इतकी वर्षं बँडमध्ये असणं म्हणजे हे. झालं, संपलं.

स्टेडियम भरणारे हे लोक नव्हेत. पण ज्यांना आवडले त्यांनी पंचवीस-तीस वर्षं सोडलं नाही. भाचा तर बँड फुटल्यानंतर जन्मलेला.

सासूबाई पाणी प्यायला आल्या, दोन मिनिटं थांबून ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्यान्ला कुणी गाणं शिकवलं न्हाई का?" भाच्यानं सांगितलं की आजी, लोकांना तेच आवडतं. त्या काही न बोलता गेल्या.

शुक्रवार

काल झोप आली म्हणून अर्धवट लिहिलं. सिनेमाबद्दल खरं ते राहिलंच.

यात चार गोष्टी एकमेकींत घातल्यात. एक सरळ: २०२२ साली बँड पुन्हा जमला, त्याच्या तालमी आणि दौरा. उरलेल्या तीन सिनेमावाल्यांनी स्वतः उभ्या केल्या. न्यूयॉर्कमध्ये पेव्हमेंटचं संग्रहालय मांडलं. बँडच्या गाण्यांचं संगीत नाटक बसवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथं तिकीट लावून केलं. आणि बँडच्या आयुष्यावरचा एक चरित्रपट शूट केला, ऑस्करवर डोळा ठेवून काढतात तसल्या थाटाचा, फक्त मुळातच थट्टेचा. मग या सगळ्याचं शूटिंग करून हा माहितीपट. संग्रहालयाच्या नावातच '१९३३–२०२२' आहे. १९३३ साली यांचे आईबापही शाळेत असतील-नसतील.

चरित्रपटाचा भाग बघून मी फार हसले. आपल्याकडे एकाच नटानं बालगंधर्व केले, टिळक केले, काशिनाथ घाणेकर केले, आणि आपण तिन्ही वेळा थेटरात जाऊन "अगदी तस्साच!" म्हणालो. इथं 'स्ट्रेंजर थिंग्ज' या वेबसिरीजमधला नट जो कीरी माल्कमस होतो, आणि कॅमेऱ्यापुढे असा आव आणतो की या भूमिकेनं त्याला पछाडलंय. माल्कमस तरुणपणी न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये पहारेकरी होता, म्हणून हा तिथं जाऊन उभा राहतो. आवाज पकडायला भाषेचा मास्तर लावतो. शेवटी त्याला माल्कमसच्या तोंडाच्या आतला फोटो हवा होतो, आवाज तिथून कसा निघतो ते बघायला. हे सगळं इतक्या गंभीर चेहऱ्यानं की मी भाच्याला विचारलं, हा खरंच असा आहे की करतोय? तो म्हणाला, "करतोय गं. पण चांगला करतोय."

पण मला धरून ठेवलं ते स्क्रीनच्या तुकड्यांनी. आमच्या धंद्यात स्प्लिट स्क्रीन म्हणजे डावीकडे नवरीचा मेकअप, उजवीकडे नवरदेवाचा परण्या, म्हणजे मिरवणूक, मारुतीला निघालेली, मधे चकाकणारी रेघ, आणि दोन्हींवर एकच गाणं. लोकांना आवडतं, तीन मिनिटं भरून निघतात. इथं एडिटर रॉबर्ट ग्रीन एकाच घटनेचे दोन-तीन अवतार शेजारी लावतो. १९९५ साली लोलापलूझा नावाच्या फिरत्या संगीत महोत्सवात, पश्चिम व्हर्जिनियाच्या कार्यक्रमाला, लोकांनी यांच्यावर चिखल फेकला. खऱ्या चित्रफितीत काय दिसतं? थोडा वेळ वाजवतात, वैतागतात, निघून जातात. एवढंच. चरित्रपटात तीच घटना आली की दिवे बदलतात, संगीत दाटतं, चेहऱ्यांवर क्लोजअप, आणि हा त्यांच्या आयुष्यातला मोठा घाव होता असं आपल्याला वाटायला लागतं. दोन्ही एका स्क्रीनवर. आणि कुणी येऊन सांगत नाही की डावीकडचं खरं मानायचं.

मी रात्री पुन्हा तेवढाच भाग लावून बघितला. कारण हे मी रोज करते, फक्त उलटं. लग्नात नवरीनं हार घातला की हे ओरडतात, "एकदा पुन्हा, लाईट नव्हता." ती पुन्हा घालते. आता नवरदेव मान वाकवतो, मित्र त्याला उचलत नाहीत, मामा मधे येत नाही, सगळं नीट. मी हा दुसरा हार ठेवते आणि पहिला काढून टाकते. गिऱ्हाइकाला तेच पाहिजे असतं आणि त्यात काही पाप नाही. या माणसानं दोन्ही हार ठेवलेत, शेजारी शेजारी, आणि पहिल्याचा धांदरटपणा दुसऱ्यामुळे नीट दिसतो. दुसऱ्यातली हौसही पहिल्यामुळेच दिसते.

हे कागदावर सोपं वाटतं. दोन खिडक्यांत दोन आवाज चालू ठेवून बघणाऱ्याची नजर नेमकी कुठं न्यायची, हे ज्यानं कधी टाइमलाइनवर केलंय त्याला विचारा.

तक्रारही लिहून ठेवते. दोन तासांहून थोडा मोठा आहे आणि मधे अर्धा तास तरी मी काढला असता. एकाच गमतीला तीनदा हसायला लावतो. आणि बँड आधी ओळखीचा नसेल तर कोण कोण आहे ते कळायला वेळ लागतो. बॉब नास्टॅनोविच नावाचा एक गडी आहे, जो अधूनमधून ओरडतो, जादाचा ड्रम वाजवतो आणि घोड्यांच्या शर्यतींचा नादी आहे, त्याचं बँडमधलं काम नक्की काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तो नसता तर बँड लगेच फुटला असता असं मात्र त्याच्याकडे बघून वाटतं.

शनिवार

दिवसभर लाईट येऊन जाऊन. उदगीरच्या लग्नाचं रेंडरिंग (शेवटची फाइल तयार करणं) पुन्हा पुन्हा पहिल्यापासून. यूपीएस बदलायचा म्हणून हे गेली दोन वर्षं म्हणतायत. काही लिहायची इच्छा नाही.

रविवार

आज तेरला डोहाळजेवणाचं शूटिंग होतं. यांना जमणार नव्हतं, म्हणून मी आणि भाचा गेलो. सकाळी घरी मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन निघालो. वाटेत पाऊस नाहीच, नुसतं आभाळ भरलेलं. सोयाबीन वर आलंय पण माना टाकलेल्या.

आता डोहाळजेवणालाही मंडप, थर्माकोलचा चंद्र, फुलांचा झोपाळा, धनुष्यबाण. पोरगी सातव्या महिन्यात, पाय सुजलेले, आणि आमचा भाचा तिला सांगतोय, "ताई, बाण जरा वर धरा." ती हसून म्हणाली, "कसंतरीच वाटायलंय हो." तिची सासू म्हणाली, "काही कसंतरी नाही, धर." धरला. झोपाळ्यावर बसली तेव्हा मात्र चेहरा असा काही फुलला की मी लेन्स बदलायची विसरले. आणि निघताना हळूच मला विचारलं, "ताई, धनुष्यबाणाचे फोटो आधी पाठवाल का?"

तिथंच मला सिनेमातला संग्रहालयाचा भाग आठवला. खरे पेव्हमेंटवाले, आता पन्नाशी ओलांडलेले, आपल्याच नावाच्या संग्रहालयात येतात. काचेमागे आपल्या वह्या, पोस्टर, जुने कपडे. त्यांच्या चेहऱ्यावर हेच 'कसंतरीच'. ज्या माणसांनी उभ्या कारकिर्दीत 'आम्ही फार काही मोठं करत नाही' हा पवित्रा सोडला नाही, त्यांना कुणीतरी पकडून थर्माकोलच्या चंद्रावर बसवलंय. चेष्टा आहे हे त्यांनाही माहीत आहे. तरी पाय निघत नाही. त्यांच्यानंतरच्या पिढीतले गायक-गायिका तिथं येऊन त्यांची गाणी म्हणतात, आणि ते गाणं चेष्टेचं राहात नाही.

शूटिंग दुपारी आटोपलं. गोरोबाकाकांच्या देवळात जाऊन आलो आणि मग भाच्याला संग्रहालय दाखवलं. रामलिंगप्पा लामतुरे यांचं. गावच्या पांढरीत, जुन्या वस्तीच्या मातीत, जे जे सापडायचं ते या माणसानं गोळा केलं: मणी, मातीच्या बाहुल्या, दिवे, नाणी. त्या संग्रहाचं आज सरकारी संग्रहालय आहे. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात नाव येतं, इथलं कापड भडोचच्या बंदराला जायचं. इथं सापडलेल्या हस्तिदंती बाईचं नातं थेट इटलीत पॉम्पेईला मिळालेल्या मूर्तीशी सांगतात.

भाचा मण्यांच्या काचेपुढं बराच वेळ उभा. म्हणाला, "आत्या, हे कुणाच्या तरी गळ्यातलं असंल. तुटलं म्हणून फेकलं असंल." मी म्हटलं, असेल. आणि ज्यानं ते उचलून घरी आणून ठेवलं त्याला गावानं काय काय म्हटलं असेल, तेही डोळ्यांपुढे आलं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लोलापलूझाच्या चिखलानं भरलेले कपडे काचेत ठेवले होते. काही वस्तू अस्सल, काही बनवलेल्या, आणि कुठली कुठली हे बघणाऱ्याला सहज कळू नये अशीच मांडणी. मला गुरुवारी ही निव्वळ टवाळी वाटली होती. तेरमध्ये उभं राहून वाटलं, संग्रहालयाला सुरुवातीला लागतो तो एक हट्टी माणूस, बाकी काच नंतर येते. इथला हट्ट साधा होता, तिथला सगळं माहीत असलेल्या शहरी लोकांचा आहे. त्यांना सरळ सरळ "आमचं यांच्यावर प्रेम आहे" म्हणता येत नाही. लाज वाटते. म्हणून १९३३ पासूनचा इतिहास रचून, खोटा चरित्रपट काढून, आडवळणानं तेच म्हणतात.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "माल्कमसच्या गाण्यांचंही तसंच आहे ना." मला हे त्याच्या वयात सुचलं नसतं.

सोमवार, दुपार

त्याचं म्हणणं डोक्यात घोळतंय. म्हणून संगीत नाटकाचा भाग पुन्हा बघितला.

माल्कमस गातो तेव्हा वाटतं, हा ओळ पूर्ण करायचा कंटाळा करतोय. सूर लागला तर लागला. मागं टेपची खरखर. (आमच्याकडे असा ऑडिओ आला तर मी आधी नॉइज काढते, मग चहा पिते.) नाटकातली पोरं तीच गाणी ब्रॉडवेच्या पद्धतीनं गातात, छातीतून, हात पसरून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून, कोरससकट. आधी हसू आलं. इंग्रजी शब्द मला तसेही अर्धेच कळतात, आणि भाचा म्हणतो की ज्यांना पूर्ण कळतात त्यांनाही अर्थ लागत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला माझं हसू थांबलं. चाल इतकी हळवी होती हे मूळ ऐकताना लक्षातच आलं नव्हतं. तो कंटाळलेला आवाज त्या हळवेपणावर पांघरूण घालत होता, आणि या नाटकवाल्या पोरांनी हौसेच्या भरात ते ओढून काढलं.

मग मूळ गाणं लावलं. आता तेच दुसरंच ऐकू येतं. पांघरुणासकट.

म्हणून मला वाटतं, सरळ माहितीपट केला असता तर एवढं हाती लागलं नसतं. मुलाखतींत ही माणसं काही सांगत नाहीत. माल्कमस तर प्रश्न असा चुकवतो की विचारणाऱ्यालाच वाईट वाटावं. अशा माणसाला खुर्चीत बसवून काय मिळणार? त्याच्यासमोर त्याचं सोंग नाचवायचं आणि तो ते बघताना कॅमेरा त्याच्यावर ठेवायचा. भारूडात नाही का, सोंग काढणारा आपल्याविषयी काहीच बोलत नाही आणि बघणाऱ्याला आपलंच काहीतरी दिसतं. एकनाथ पैठणचे, आमच्याच मुलखातले. पण हा धागा फार ताणत नाही, भाचा हसेल.

मंगळवार

निलंग्याच्या पार्टीचा फोन. नवरदेवाच्या वडलांचं म्हणणं, परण्यात बँड पार्टीवाल्याशी पैशावरून बोलाचाली झाली, ते सगळं काढा. काढलंच होतं. मग म्हणाले, "तेवढं वेगळं देता येतंय का, पोरं मोबाईलवर मागायलीत." म्हणजे लग्नाच्या कॅसेटमध्ये नको, रीलमध्ये पाहिजे. अजूनही कॅसेटच म्हणतात, पेनड्राइव्ह देऊन इतकी वर्षं झाली तरी.

भाच्याला हे सांगितलं तर त्यानं पेव्हमेंटच्या एका गाण्याची गोष्ट सांगितली. 'हार्नेस युवर होप्स' हे गाणं १९९७ च्या अल्बमच्या वेळचं. अल्बममध्ये घेतलंच नाही. दोन वर्षांनी एका छोट्या रेकॉर्डवर कुठंतरी मागं टाकून दिलं. वीसेक वर्षांनी स्पॉटिफायच्या आपोआप पुढचं गाणं लावणाऱ्या यंत्रणेनं ते उचललं, लोकांच्या कानात वाजत राहिलं, आणि आज स्पॉटिफायवर त्यांचं सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं ते आहे. एमटीव्हीवर गाजलेलं मागं पडलं. २०२२ मध्ये त्या गाण्याचा नवा व्हिडिओ केला तो याच पेरीनं. म्हणजे टाकाऊ क्लिपांचं महत्त्व त्याला आधीपासून माहीत होतं म्हणायचं.

यांनी आत डोकावून विचारलं, "अजून तेच बघायलाव का तुम्ही दोघं?" मी म्हटलं, काम करतेय. खोटं नव्हतं. निलंग्याचा भांडणाचा तुकडा वेगळा काढताना बघितलं तर क्लॅरिनेटवाला म्हातारा भांडण चालू असतानाही मागं एकटाच वाजवत होता. बाकीचे थांबलेत, ढोलवाला तावातावानं हातवारे करतोय, आणि हा डोळे मिटून तान पुरी करतोय. हे मी पहिल्या वेळी बघितलंच नव्हतं. रीलमध्ये तो ठेवला. वडील दिसत नाहीत, फक्त म्हातारा.

माझी एक नाराजी शिल्लक आहे. गॅरी यंग सिनेमात कमी आहे. पहिली गाणी ज्याच्या घरात झाली, जो कार्यक्रमाच्या दारात उभा राहून येणाऱ्या लोकांचं स्वागत करायचा, स्टेजवर हातांवर उलटा उभा राहायचा, तो १९९३ मध्येच बाहेर पडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये वारला. बाकी सगळ्यांना त्यांचं सोंग बघायला मिळालं, त्याला हा सिनेमा बघायला मिळाला नाही. भाचा म्हणतो, त्याच्यावर वेगळा माहितीपट आहे, 'लाउडर दॅन यू थिंक', आणि त्यात म्हणे काही प्रसंग बाहुल्यांकडून करून घेतलेत. तो कुठं मिळतो ते बघायला त्याला सांगितलंय. पुण्याला परत जायच्या आत मिळाला तर बरं, कारण श्रावण लागला की सत्यनारायण, मंगळागौरी सुरू, आणि मग मॉनिटर माझा राहात नाही. उदगीरचं रेंडरिंग पुन्हा लावलंय. लाईट आहे तोवर.